वेळेवर बिघडणारी गाडी

२०१० साली बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमात जेरेमी क्लार्कसन हा ताडमाड उंचीचा निवेदक रिलायंट रॉबिन नावाच्या चिमुकल्या तीनचाकी गाडीत कसाबसा मावला आणि इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रस्त्यांवरून निघाला. पहिले वळण आले, गाडी आडवी. लोकांनी धावत येऊन ती उभी केली. पुढचे वळण आले, पुन्हा आडवी. निवेदक दारातून डोके बाहेर काढतो, काहीतरी तिरकस बोलतो, गाडी उभी राहते, जरा पुढे जाते आणि परत लोळण घेते. हा प्रकार जगभर इतका गाजला की रॉबिन म्हणजे उलटणारी गाडी, हे अनेकांच्या डोक्यात कायमचे बसले.

पुणेकर प्रेक्षकाला मात्र तेव्हाच संशय यायला हवा होता. रॉबिनला पुढे एक चाक आणि मागे दोन. म्हणजे आपली रिक्षाच, फक्त दारे-काचा लावलेली. आता रिक्षा कशी वळते हे पुणेकराला कोणी सांगायला नको. सुट्या पैशांवरून मागे वळून वाद घालत, तीनच्या जागी पाच माणसे कोंबून, हात न दाखवता, आरशात न बघता ती गल्लीत शिरते आणि तरीही तिन्ही चाके जमिनीवर ठेवते. मग एकटा माणूस बसलेली रॉबिन प्रत्येक कोपऱ्यावर अंग का टाकत होती?

उत्तर यायला जानेवारी २०१६ उजाडला. तेही खुद्द क्लार्कसनने आपल्या वर्तमानपत्री सदरातून दिले. पडद्यामागच्या कारागिरांना सांगून त्याने गाडीच्या डिफरन्शियलमध्ये फेरफार करून घेतले होते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते आणि आतल्याला कमी. हा हिशेब सांभाळणारा दातेरी चाकांचा संच म्हणजे डिफरन्शियल. त्यालाच फितवल्यावर गाडी काय करणार? बिचारी सांगितल्या जागी पडत होती. मोटारसायकलच्या लायसन्सवर चालवता येते म्हणून ज्या ब्रिटिश कुटुंबांनी ही गाडी वर्षानुवर्षे वापरली, पोरांना शाळेत सोडले, बाजार आणला, त्यांनी तो भाग कोणत्या चेहऱ्याने पाहिला असेल कोण जाणे.

मोटारींच्या कार्यक्रमांच्या या धंद्याची मूळ अडचण अशी की अभिनयाच्या बाबतीत मोटार म्हणजे निव्वळ ठोकळा. ती एक तर चालते, नाहीतर बंद पडते. बंदही नेमक्या नको त्या वेळी पडते. गणपतीला निघालेल्या चाकरमान्याची गाडी भर पावसात, कशेडी घाटात, मागे सासरची मंडळी बसलेली असताना तापते आणि वाफ सोडते. त्या प्रसंगात नाट्य आहे, संवाद आहेत, खलनायकही आहे. नसतो फक्त कॅमेरा. उलट जिथे वीस माणसांचे पथक, चार कॅमेरे आणि रोजच्या भाड्याने घेतलेली क्रेन सज्ज असते, तिथे तीच गाडी पहिल्या चावीला सुरू होते. निर्मात्याच्या दृष्टीने याहून मोठी आपत्ती नाही. म्हणून मग गाडीला बिघडायला शिकवावे लागते, आणि तेही वेळेवर.

सिनेमावाल्यांना हे केव्हाच कळले होते. २००६ च्या ‘कॅसिनो रोयाल’मध्ये जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन रस्त्यावरून कोलांट्या खाते, ते दृश्य आठवावे. आधी गाडी साध्या उतरंडीवरून नेऊन उलटवायचा बेत होता. पण तिचा गुरुत्वमध्य इतका खाली की ती काही केल्या उलटेना. लाखो पौंडांचे इंजिनिअरिंग गाडी उलटू नये म्हणूनच केलेले असते, हे दिग्दर्शकाच्या सोयीचे नव्हते. अखेर गाडीच्या पोटात नायट्रोजनच्या दाबावर चालणारी तोफ बसवली. दट्ट्या जमिनीवर आदळला आणि गाडीने सात कोलांट्या मारल्या. तो विक्रम गिनेसमध्ये नोंदला गेला. तिथे निदान कोणी त्याला ‘रिअ‍ॅलिटी’ म्हटले नव्हते.

‘टॉप गिअर’ला तीही सोय नव्हती, कारण गिनेसने २०१३ च्या आवृत्तीत त्याची नोंद जगात सर्वाधिक पाहिला जाणारा वस्तुस्थितीवर आधारित कार्यक्रम अशी केली. ही नोंद झाली तेव्हा या कार्यक्रमाच्या वस्तुस्थितीवरूनच एक खटला इंग्लंडमधल्या न्यायालयाच्या पायऱ्या चढत होता.

तो टेस्लाचा. डिसेंबर २००८ मध्ये ‘टॉप गिअर’ने टेस्लाच्या रोडस्टर या विजेवरच्या गाडीची चाचणी दाखवली. क्लार्कसनने आधी तिच्या वेगाचे तोंडभरून कौतुक केले. कंपनी २०० मैल म्हणते, पण आमच्या ट्रॅकवर ५५ मैलांतच बॅटरी संपेल असा हिशेब निघतो, असे मग त्याने सांगितले. ५५ मैल म्हणजे ८८ किलोमीटर. म्हणजे मुंबईहून निघालेल्या माणसाने लोणावळ्याला चिक्की घ्यावी आणि तिथेच खोली बघावी. त्यानंतर पडद्यावर माणसे रोडस्टर ढकलत शेडमध्ये नेताना दिसली. दुसऱ्या रोडस्टरचे ब्रेक गेल्याचेही सांगण्यात आले.

टेस्लाने २०११ मध्ये दावा ठोकला. कंपनीचे म्हणणे असे की दोन्ही गाड्यांची बॅटरी २० टक्क्यांच्या खाली कधी गेलीच नव्हती. ब्रेकही गेले नव्हते, एका पंपाचा फ्यूज तेवढा उडाला होता. सगळ्यात झणझणीत आरोप वेगळाच होता. चित्रीकरणाच्या दिवशी टेस्लाच्या माणसाच्या नजरेला पटकथेचा कागद पडला आणि गाडी चालवून बघण्याच्या आधीच निकाल त्यात लिहून तयार होता. मुलगी बघायला जाण्यापूर्वी ‘पत्रिका जुळत नाही’ असे पोस्टकार्ड लिहून खिशात ठेवावे, तसा हा मामला.

न्यायालयात टेस्ला हरली. मार्च २०१३ मध्ये अपील न्यायालयानेही दावा फेटाळला. न्यायाधीशांचा मुद्दा मोठा रसाळ आहे. ट्रॅकवर टायर जाळत पळवलेली गाडी रस्त्यावर तितकीच चालेल असा अर्थ कोणताही समंजस प्रेक्षक काढणार नाही, असे त्यांचे मत पडले. कार्यक्रमातले विधान खरे की खोटे यात शिरण्याऐवजी न्यायालयाने प्रेक्षकाच्या शहाणपणावर विश्वास टाकला. बीबीसी जिंकली खरी, पण जिंकली ती ‘आमचे कोण एवढे मनावर घेतो?’ या मुद्द्याच्या फार जवळ जाऊन.

खटला चालू असतानाच निस्सानच्या लीफचे प्रकरण घडले. २०११ च्या उन्हाळ्यातल्या भागात ही विजेवरची गाडी लिंकन शहरात बॅटरी संपून थांबली आणि निवेदक हताश चेहऱ्याने चार्जिंगची जागा शोधत फिरला. पटकथा लिहिणारा एवढेच विसरला की या गाडीला स्मरणशक्ती होती. लीफ आपल्या बॅटरीची माहिती थेट कंपनीला कळवत असे. त्या नोंदीत दिसले की गाडी निघतानाच तिची बॅटरी सुमारे ४० टक्के होती, आणि नंतर लिंकनमध्ये ती संपेपर्यंत गाडी गोल गोल फिरवण्यात आली होती. आमच्या गॅरेजमध्ये गाडी टाकल्यावर मेकॅनिकचा पोऱ्या ती ट्रायलच्या नावाखाली कुठे कुठे फिरवून आणतो, हे कळायची सोय तेव्हा भारतीय ग्राहकाला नव्हती; निस्सानला मात्र होती.

अमेरिकन गॅरेज-मालिकांची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे गाडी बिघडवण्यापेक्षा सजवण्यावर भर. २००४ मध्ये एमटीव्हीवर सुरू झालेल्या ‘पिंप माय राइड’मध्ये एक्झिबिट हा रॅपर एखाद्या गरीब तरुणाच्या दारात उभा राही. तरुण किंचाळे. मग त्याची खटारा गाडी लॉस एंजेलिसच्या बड्या गॅरेजमध्ये जाई आणि काही मिनिटांत नवा रंग, अनेक टीव्ही, गेमचे यंत्र, वाट्टेल ते घेऊन बाहेर येई. एका गाडीच्या डिकीत तर म्हातारीचे केस बनवायचे यंत्र बसवले होते. इंजिनाला हात लागला की नाही, हे विचारायचे नसे.

२०१५ मध्ये हफिंग्टन पोस्टने त्या तरुणांना गाठले आणि एकेक गंमत बाहेर आली. गाडी परत मिळायला सहा-सात महिने लागले, तोवर अमेरिकेसारख्या देशात बिनगाडीचे राहायचे. गाडी मूळच्यापेक्षा खराब दिसावी म्हणून चित्रीकरणापूर्वी आत कचरा आणि गोळ्या-चॉकलेटे पसरून ठेवली होती. एकाच्या घरी कॅमेरा नेण्याऐवजी भलतेच घर भाड्याने घेऊन तेच त्याचे घर म्हणून दाखवले. पडद्यावर मिरवलेल्या कित्येक वस्तू कॅमेरा बंद झाल्यावर काढून घेण्यात आल्या. शँपेनचे यंत्र काढले, कारण दारू आणि ड्रायव्हिंग एकत्र दाखवणे बरे दिसले नसते. सीटमध्ये बसवलेले दिवे इतके तापत की लावायची सोय नव्हती. म्हणजे गाडीला मिळाले ते मेकअपचे सामान, आणि नाटक संपल्यावर कंपनी ते पेटीत घालून घेऊन गेली.

हा कार्यक्रम महाराष्ट्रात झाला असता तर एक्झिबिटच्या ऐवजी आरटीओ नायक ठरला असता. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितले. डिकीत म्हातारीचे केस निघणारी गाडी पासिंगला नेली असती तर खिडकीपलीकडच्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून एवढेच विचारले असते, “हे कुठल्या कॉलममध्ये भरायचं?”

‘ओव्हरहॉलिन’’ या २००४ च्याच मालिकेची युक्ती तर भारतीय प्रेक्षकाला पचणेच अवघड. मालकाची बायको किंवा मित्र फितूर होतो, गाडी पळवली जाते, मालकाला ती चोरीला गेल्याचे भासवतात. आठवडाभर त्याला खोट्या अधिकाऱ्यांच्या हाती खेळवायचे, आणि तेवढ्यात चिप फूज हा नामांकित डिझायनर आपल्या टोळीसह रात्रंदिवस खपून गाडीचे रूप पालटतो. फूजचे हात खरे, त्याचे काम डोळे दिपवणारे. पण ‘चोरीला गेलेली गाडी आठवड्यात परत मिळाली, तीही नवा रंग लावून’ हे वाक्य आपल्याकडच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात म्हटले तर ठाणे अंमलदार पंख्याकडे बघत बसेल.

आठवड्याची ही मुदत म्हणजे या मालिकांचे पेट्रोल. मुदत नसेल तर भांडण नाही, भांडण नसेल तर जाहिरातीच्या आधीचा तो खर्जातला सूर नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एका मोटारसायकल-कारखान्यातली ‘अमेरिकन चॉपर’ ही मालिका तर बाप-लेकांच्या भांडणावरच चालली. दारे आपटली, खुर्ची भिरकावली. त्या भांडणाची चित्रे बऱ्याच वर्षांनी, २०१८ मध्ये जगभर विनोदासाठी फिरली, त्यात लोकांनी बाप-लेकांच्या तोंडी तत्त्वज्ञानापासून व्याकरणापर्यंत सगळे घातले. यातली भांडणे कॅमेऱ्यासाठी फुगवलेली असतील असे वाटत असतानाच पॉल टुटल थोरले आणि धाकटे कंपनीच्या भागभांडवलावरून खरोखर न्यायालयात गेले. एकत्र कुटुंबातल्या जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हा एकच भाग विनापटकथा वाटला असेल.

आपल्या मातीत पटकथेशिवाय गाडी बनल्याचे उदाहरणही आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्यात एका कारागिराने भंगारातून छोटी चारचाकी बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास. गाडी सुरू करायला मोटारसायकलसारखी किक. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला. ही गाडी नियमांत बसत नाही, हे त्यांनीही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. टीव्हीवाल्यांच्या दृष्टीने ही कथा सपशेल कुचकामी. मुदत नाही, भांडण नाही, कोणी कोणाला खुर्ची मारली नाही. गाडी बनवली आणि चालली.

‘टॉप गिअर’ मुंबईतही येऊन गेला. २०११ च्या नाताळात दाखवलेल्या भारत-विशेष भागात तिघा निवेदकांनी डबेवाल्यांशी स्पर्धा लावली: ते लोकलने, हे आपापल्या मोटारींनी. मुंबईच्या दुपारी मोटारीने डबा वेळेवर पोहोचवायची पैज लावणाऱ्याला वेगळी विनोदी पटकथा लागत नाही. पण तेवढ्यावर भागले नाही. क्लार्कसनच्या जॅग्वारच्या मागे चक्क संडासाचे भांडे बसवले होते. लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने २०१२ च्या जानेवारीत बीबीसीकडे तक्रार केली. बीबीसीचे उत्तर असे, की विनोद भारतीयांवर नव्हता, आमच्याच निवेदकांच्या बावळटपणावर होता. या उत्तराचा दुसरा अर्धा भाग कोणालाही मान्य होईल.

पटकथा जिथे संपते तिथे मात्र चित्र झपाट्याने बदलते. २० सप्टेंबर २००६ रोजी यॉर्कजवळच्या एल्व्हिंग्टन धावपट्टीवर ‘टॉप गिअर’चा निवेदक रिचर्ड हॅमंड जेट इंजिनाची गाडी चालवत होता. वेग ताशी ४६० किलोमीटरच्या पुढे गेला आणि पुढचा टायर फुटला. डोक्याला गंभीर मार लागला. तो वाचला आणि काही महिन्यांत कार्यक्रमात परतला. त्या टायरला कोणी काही शिकवलेले नव्हते.

आणि अँड्र्यू फ्लिंटॉफ. फेब्रुवारी २००२ मध्ये वानखेडेवर भारताला पाच धावांनी हरवल्यावर अंगातला टी-शर्ट काढून फिरवत धावलेला तो धिप्पाड इंग्लिश खेळाडू मुंबईकर विसरलेला नाही. सौरव गांगुलीने जुलैत लॉर्ड्सच्या सज्जातून त्याचे उट्टे काढले, म्हणून तर नाहीच नाही. २०१९ पासून फ्लिंटॉफ ‘टॉप गिअर’चा निवेदक होता. डिसेंबर २०२२ मध्ये डन्सफोल्डच्या चाचणी-ट्रॅकवर तो मॉर्गनच्या तीनचाकीत होता आणि ती उलटली. रॉबिनला उलटवायला डिफरन्शियल फितवावे लागले होते. इथे कोणी काही केलेले नव्हते. चेहऱ्याला आणि बरगड्यांना भयंकर दुखापती झाल्या, फ्लिंटॉफ कित्येक महिने लोकांसमोर आला नाही. बीबीसीने पुढच्या वर्षी त्याच्याशी तडजोड केली, रक्कम ९० लाख पौंड असल्याचे वृत्त होते, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कार्यक्रमच बेमुदत थांबवला.

क्लार्कसन त्याआधीच बाहेर पडला होता. त्याचे कारण कोणत्याही पटकथाकाराला सुचले नसते: जेवण. मार्च २०१५ मध्ये यॉर्कशरमधल्या हॉटेलात दिवसभराचे चित्रीकरण आटोपून रात्री उशिरा पोहोचल्यावर त्याला गरम जेवण मिळेना. पुढे आला तो थंड मांसाचा पसारा. वाद इतका पेटला की त्याने आपल्याच निर्मात्यावर हात उगारला. बीबीसीने करार वाढवला नाही. उत्तर ध्रुवाकडे मोटारीने गेलेला, रॉबिनला रॉकेट लावून अंतराळात पाठवायला निघालेल्या चमूचा म्होरक्या शेवटी पानात गरम वाढले नाही म्हणून गेला. (ते रॉकेट २००७ मध्ये उडाले, रॉबिन काही इंधनटाकीपासून सुटली नाही आणि टेकडीवर आपटली. ही एक पडझड बहुधा अस्सल होती.)

या सगळ्या गदारोळात ‘व्हीलर डीलर्स’ ही ब्रिटिश मालिका जरा सभ्य. माइक ब्रुअर जुनी गाडी स्वस्तात उचलणार, एड चायना हा उंचपुरा मेकॅनिक ती खोलून नीट करणार, आणि शेवटी विकून किती सुटले याचा हिशेब. चायना प्रत्येक गॅस्केट, प्रत्येक बेअरिंग हातात घेऊन दाखवी. प्रेक्षक वही-पेन घेऊन बसत. लबाडी फक्त हिशेबात. खरेदी किंमत आणि पार्ट्सचा खर्च धरला जाई, मजुरी कधीच नाही. आठवडाभर खोललेल्या इंजिनाचे लेबर शून्य! दादरच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला हा हिशेब दाखवला असता तर त्याने पाना खाली ठेवून टीव्ही बंद केला असता.

२०१७ मध्ये चायनाने मालिका सोडली. त्याने दिलेले कारण असे, की नव्या निर्मात्यांना गॅरेजमधला तपशीलवार भाग चित्रित करायला फार अवघड आणि खर्चिक वाटत होता, तो त्यांना कमी करायचा होता. स्क्रू खरोखर फिरवायला लागणारा वेळ कोणत्याही मुदतीच्या नाटकापेक्षा जास्त. प्रेक्षक खवळले आणि धमक्या आल्या त्या माइक ब्रुअरला, ज्याचा दोष एवढाच की तो मालिकेत राहिला.

चायनाला कामाची ददात नव्हती. त्याने १९९८ मध्येच मिनीचे इंजिन बसवून एक सोफा बनवला होता, ताशी १४० किलोमीटरच्या आसपास धावणारा. स्टिअरिंगच्या जागी पिझ्झाची ताटली आणि ब्रेकच्या जागी कोल्ड्रिंकचा डबा. ब्रिटनच्या अधिकाऱ्यांनी त्या सोफ्याला रस्त्यावर चालवायची रीतसर परवानगीही दिली.